वेलकम ड्रिंक आणि गाऱ्हाणं

मंडळी, पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. हे पेपरात येणार नाही. ज्या रिसॉर्टबद्दल लिहितोय त्याची पानभर जाहिरात गेल्या दिवाळीत आमच्याकडे छापून आली, आणि पुढच्या दिवाळीतही यावी अशी मार्केटिंगवाल्यांची इच्छा आहे. म्हणून इथे. नाव लिहीत नाही. इथल्यांना कळेलच, आणि बाहेरच्यांना कळून उपयोग नाही, कारण अशी रिसॉर्टं आता एक-दोन राहिलेली नाहीत.

तर त्यांच्या नव्या माहितीपत्रकात एक गोष्ट वाढली आहे. पाहुणे आले की शहाळं, कपाळाला गंध, आणि मग धोतर-मुंडाशातला एक गावकरी त्यांच्यासाठी 'पारंपरिक मालवणी गाऱ्हाणं' घालणार. पाहुण्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. ते कसं म्हणायचं हे आधी दोन मिनिटं शिकवणार. मग खोलीची चावी.

यासाठी त्यांना जो माणूस हवा आहे, तो माझा थोरला चुलतभाऊ. आमच्या भावकीत देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराकडे आहे. आवाज असा की सभामंडपात उभा राहून बोलला तर खालच्या वाडीत ऐकू जावं. महिना अठरा हजार, दुपारी बारा ते पाच, शिवाय जेवण. दादाची आंब्याची पंचवीस-तीस कलमं आहेत आणि गेल्या हंगामात त्यातून काय हाती लागलं ते बागायतदारांना मी सांगायला नको. अठरा हजार ही आमच्याकडे हसण्यावारी नेण्याची रक्कम नाही. त्यामुळे 'संस्कृतीचा बाजार' वगैरे शब्द मी या पोस्टमध्ये वापरणार नाही. ते शब्द ज्यांचा पगार एक तारखेला जमा होतो त्यांनी वापरावेत.

पण दादा अडला होता. मला रात्री फोन करून म्हणाला, "मी जाऊक तयार आसंय. पण थंय देव खय आसा?"

जे रिल्समधूनच गाऱ्हाणं ओळखतात त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गाऱ्हाणं म्हणजे स्वागतपर भाषण नाही. आरतीसारखं पाठ करून म्हणायचं स्तोत्रही नाही. तो देवापुढे मांडलेला अर्ज असतो, आणि अर्जाला अर्जदार लागतो. आधी ग्रामदेवतेला हाक, मग बारा-पाचाला, सीमेवरच्या राखणदाराला. मग नाव घेऊन, की अमक्याच्या अमक्या पोराने आज तुझ्यापुढे नारळ ठेवलाय, तो मुंबईला नोकरीला आहे, त्याच्या बायकोला बरं नाही, भावाबरोबर जमिनीवरून वाजलंय, त्याच्या वाटेत जे आडवं आलं असेल ते दूर कर. भोवती उभे असलेले "व्हय म्हाराजा" म्हणतात, तेव्हा ते नुसतं पालुपद नसतं. आम्ही ऐकलं, आम्ही साक्षीला आहोत, असा त्याचा अर्थ. भांडण झालेला भाऊसुद्धा कधीकधी त्याच घोळक्यात उभा असतो आणि त्यालाही म्हणावं लागतं. गावात अशी कित्येक प्रकरणं कोर्टाची पायरी न चढता निवळली आहेत. अर्थात निवळली नाहीत अशीही आहेत. आमच्याच भावकीतली एक केस ओरोसला अजून चालू आहे.

आता गुरगावहून आलेल्या जोडप्यासाठी दादाने काय मागायचं? त्यांचं नाव बुकिंगच्या कागदावर असेल. त्यांची अडचण काय ते त्यांनी सांगितलेलं नाही, आणि सांगतील तरी रिसेप्शनवर कशाला सांगतील? रिसॉर्टच्या बाईंनी यावर तोडगा काढला होता. (बाई हुशार आहेत, पुण्याच्या आहेत, मराठी उत्तम, मला वैयक्तिक त्यांच्याबद्दल तक्रार नाही.) सगळ्यांना चालेल असा एक मजकूर त्यांनी स्वतःच लिहून आणला. पाहुण्यांचा मुक्काम सुखाचा होऊ दे, समुद्र शांत राहू दे, सूर्यास्त छान दिसू दे. दादाने तो कागद मला दाखवला तेव्हा आम्ही दोघंही हसलो. नंतर बराच वेळ कोणी बोललं नाही.

एक मुद्दा लगेच कोणीतरी मांडेल म्हणून आधीच घेतो. 'वस्त्रहरण'मध्ये मच्छिंद्र कांबळींनी आपल्या मालवणी माणसाची, आपल्या नाटकवेडाची टर उडवली, तेव्हा कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत, मग आताच का? कारण तिथे हसणारा आणि ज्याच्यावर हसलं जात होतं तो एकच होता. गिरगाव-लालबागचा चाकरमानी तिकीट काढून स्वतःलाच बघायला जात होता, आणि नटाची जीभ मोकळी होती. त्याला कागद लिहून देणारा कोणी मॅनेजर नव्हता.

जीभ हा शब्द मी उगाच वापरला नाही. त्याच रिसॉर्टमध्ये दोन हंगाम दर शनिवारी दशावतार होतो, आणि तो मी पाहिला आहे.

आपला दशावतार कसा असतो हे इथे कुणाला सांगायला नको, पण परगावचेही वाचणारे आहेत. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की पाऊस येईपर्यंत मंडळं गावोगाव फिरतात. देवळाची पालखी फिरून आली की मध्यरात्रीच्या सुमारास नाटक उभं राहतं ते उजाडेपर्यंत. मागे एक पडदा, पुढे एक बाकडं, बाजूला पेटी, पखवाज आणि झांज. तेच बाकडं सिंहासन, तोच रथ, तोच पर्वत. बायकांची कामं पुरुषच करतात आणि आपला रंग प्रत्येक जण आपला आपण लावतो. आख्यान कुठलं ते त्या दिवशी ठरतं आणि संवाद कुठेही लिहिलेले नसतात. पुराण माहीत असलेला नट उभ्या उभ्या बोलतो, समोरचा त्याला तिथल्या तिथे उत्तर देतो. पूर्वी हीच माणसं डोक्यावर पेटारा घेऊन दुसऱ्या गावाला चालत जायची. रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा, असं आपल्याकडे म्हणतात ते त्यावरूनच.

रिसॉर्टमधला प्रयोग चाळीस मिनिटांचा. हिरवळीवर, सातला, एका बाजूला कबाब भाजणं चालू. चाळीस मिनिटांवर माझा आक्षेप नाही. केरळात कथकली पर्यटकांसाठी तासाभरात बसवतात आणि त्यावर कितीतरी कलाकारांची घरं चालतात. आक्षेप काय काढलं यावर आहे. आख्यान काढलं, कारण पाहुण्यांना मराठी कळत नाही. राहिला पूर्वरंग. गणपती, रिद्धी-सिद्धी, आणि संकासुर.

संकासुर म्हणजे वेद पळवणारा राक्षस. काळा पोशाख, देवाच्या हातून मरायला आलेला. पण मरण्याआधी तो मालवणीत बोलतो, आणि जे बोलतो त्यासाठी अर्धी जत्रा जागी असते. समोर पहिल्या रांगेत बसलेला सरपंच, रस्त्याचं काम अर्धवट टाकलेला ठेकेदार, मुंबईहून नवीन गाडी घेऊन आलेला जावई, कुणालाही तो सोडत नाही. वर्षातली ही एक रात्र अशी असते की गावातल्या मोठ्या माणसाला तोंडावर बोललेलं मुकाट्याने ऐकून घ्यावं लागतं, वर हसावं लागतं. माझ्या वीस वर्षांच्या पत्रकारितेत मी जेवढ्या बातम्या ग्रामपंचायतींवर छापल्या असतील, त्यापेक्षा नेमकी टीका मी संकासुराच्या तोंडून ऐकली आहे. त्याला जाहिरातीची काळजी नसते ना.

हिरवळीवरच्या संकासुराला सांगण्यात आलं होतं, "तोंडी काही नको, नाच आणि फोटो." म्हणून तो नाचला. लहान मुलांना घाबरवलं, सेल्फी दिल्या. संकासुर करणारा नट माझ्या ओळखीचा. प्रयोगानंतर मागे बोंडल्याच्या झाडाखाली रंग पुसत बसला होता. मी विचारलं, कसं वाटलं? तो म्हणाला, "पैशे बरे गावतत. गावात रातभर जागान जा गावता, त्याच्या दीडपट हय एका घटक्यात." मग गमछा झटकत म्हणाला, "पण ह्या काम कोणय करीत रे. काळे कपडे घाल आणि नाच."

ते खरं ठरलं. यंदा त्यांनी मंडळाकडून संकासुर घेतला नाही. बार्देसमधल्या एका इव्हेंट कंपनीचा नाचणारा पोरगा घेतला आणि मंडळाला 'बाकीच्या' कामाचे पैसे कमी केले. बोलायचंच नसेल तर दशावतारीच कशाला पाहिजे, हा हिशेब त्यांनी बरोबरच केला. कला सोपी करून दिली की ती करणाऱ्या माणसाची गरज संपते. आधी त्यातलं कठीण काढायचं, मग त्याच्या नावावर सोपं विकायचं, आणि मग सोपं कोण स्वस्तात करेल ते शोधायचं. डहाणू-जव्हारकडच्या मित्रांना हे नवीन वाटणार नाही. वारली लग्नात भिंतीवरचा चौक सवाशिणी काढतात, त्यात देवीला बसवतात. जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रकला कागदावर आणून जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही आहे. आणि आज कुठल्याही हॉटेलात जा, 'स्त्री' आणि 'पुरुष' अशा दोन वारली बाहुल्या शौचालयाच्या दारावर आहेत. त्या कुणी काढल्या विचारलं तर उत्तर येतं, स्टिकर आहेत.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस प्रत्येक गोष्टीत खोट काढतो. तसं नाही.

सावंतवाडीच्या राजवाड्यात जाऊन या. गंजिफा जवळजवळ गेलीच होती. दशावतारी गंजिफेत एकशे वीस गोल पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. ती रंगवणारे चितारी म्हातारे झालेले, खेळणारे संपलेले. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी ते काम पुन्हा उभं केलं, कारागिरांना राजवाड्यातच बसायला जागा दिली. आजही तिथे माणसं मान खाली घालून पानं रंगवताना दिसतात. राजवाड्याच्या आवारात आता छोटं हॉटेल आहे आणि त्याची सजावट याच गंजिफेवर बेतलेली आहे. महागच आहे, माझ्या आवाक्यातलं नाही. पण तिथे कला आधी जगवली गेली आणि खोल्या नंतर झाल्या. शिवाय पाहुणा पान विकत घेतो ते तिथेच बसून रंगवणाऱ्याचं असतं. राजघराण्याची गोष्ट वेगळी, सगळ्यांकडे दरबार हॉल नसतो, मान्य. मग पिंगुळीला जा. परशुराम गंगावणे यांनी तर घरच्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय केलं, ठाकर समाजाच्या चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे तुम्ही त्यांच्या अंगणात बसता आणि गोष्ट त्यांच्या चालीने ऐकता. पाहुणा कोण आणि यजमान कोण याबद्दल गोंधळ होत नाही. घोळ तिथून सुरू होतो, जिथे आपल्याच गावात आपण पाहुण्यांच्या सोयीचे होऊन उभे राहतो.

सिंधुदुर्ग १९९७ मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हा मी कॉलेजात होतो आणि आता इथेच नोकऱ्या येणार म्हणून आमच्या वर्गातले निम्मे मुंबईला जायचे थांबतील असं सरांना वाटलं होतं. कोणी थांबलं नाही. मधल्या काळात किनाऱ्यावरच्या जमिनींचं काय झालं, कोणत्या वाडीची पाणंद कोणत्या कुंपणात गेली, त्यावर वेगळी पोस्ट लिहीन, इथे नको. २०२४ च्या राज्याच्या पर्यटन धोरणात दहा वर्षांत एक लाख कोटींची गुंतवणूक आणि अठरा लाख रोजगार असं उद्दिष्ट आहे. त्या अठरा लाखांत मुंडासं बांधून दारात उभा राहणारा माझा दादा धरलेला असणार. तो कुठल्या हुद्द्यावर धरलाय एवढंच मला जाणून घ्यायचंय. करारात त्याचा हुद्दा 'कल्चरल अ‍ॅम्बियन्स स्टाफ' असा आहे. मराठीत काय म्हणायचं? वातावरणनिर्मिती कर्मचारी. धूपदाणीचंही काम तेच असतं.

हां, करार. खरं तर पोस्ट लिहायला बसलो ते करारामुळे.

देवळात मानकऱ्यांची बैठक झाली. एक गट म्हणाला, देवाचं गाऱ्हाणं बाहेर न्यायचंच नाही. दुसरा म्हणाला, पोरांना रोजगार मिळतोय तो घालवू नका, उद्या ते गोव्यातून माणूस आणतील. तिसऱ्याने सुचवलं की कौल लावूया. तेव्हा कोपऱ्यात बसलेले ऐंशीच्या घरातले आबा बोलले, "देवाक मधे कित्याक घालतास? आदी कागद वाचा." आबा तलाठी कार्यालयातून निवृत्त झालेले आहेत. कागद न वाचता अंगठा देणाऱ्यांचं काय होतं ते त्यांनी तीस वर्षं पाहिलंय.

म्हणून वाचला. दोन पानं, इंग्रजीत. पहिल्या पानावर पगार, वेळ, गणवेश. दुसऱ्या पानावर खाली एक कलम: कर्मचाऱ्याच्या सादरीकरणाचं ध्वनी आणि चित्रमुद्रण, आवाज, चेहरा, मजकूर हे सगळं कंपनीच्या मालकीचं, कायमसाठी, कुठल्याही माध्यमात, कुठलाही जादा मोबदला न देता. आणि त्याखाली, कराराच्या काळात कर्मचारी असंच सादरीकरण 'अन्य कुठेही' करणार नाही.

अन्य कुठेही. म्हणजे देवळात सुद्धा? मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो दादा, तसं काही नाही, ते दुसऱ्या हॉटेलांसाठी आहे, स्टँडर्ड क्लॉज आहे." मी म्हटलं, मग 'दुसऱ्या हॉटेलात' असं लिहा. त्या म्हणाल्या लीगलला विचारते. त्याला आता तीन आठवडे झाले.

दशावतार मंडळाचा करार मागवून पाहिला, तर त्यातही मालकीचं तेच कलम, दोन वर्षांपूर्वी सही झालेलं. मंडळाच्या मालकांना ठाऊकच नव्हतं. त्यांच्याकडे फक्त पहिलं पान होतं.

आता कायद्याचं थोडं, कारण हे आपल्याकडे कुणी सांगत नाही. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यात सादर करणाऱ्याचा म्हणून वेगळा हक्क आहे. नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर कसरत करणारे, जादूगार, एवढंच काय गारुडीसुद्धा त्या यादीत नावाने आहेत. शेवटी 'किंवा सादरीकरण करणारी अन्य कोणीही व्यक्ती' असं आहे. तेव्हा बाकड्यावर उभा राहणारा दशावतारी त्यात येतोच. तुमच्या संमतीशिवाय तुमच्या सादरीकरणाचं मुद्रण करून ते वापरता येत नाही. हा हक्क सादरीकरणाच्या पुढच्या वर्षापासून पन्नास वर्षं टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी आल्या: व्यावसायिक वापर होत असेल तर रॉयल्टी, आणि सादर करणारा म्हणून आपलं नाव लागण्याचा, तसंच नाचक्की होईल अशी मोडतोड रोखण्याचा हक्क. करारावर सही केली म्हणून हा शेवटचा हक्क जात नाही. मात्र हे सगळं सादर करणाऱ्या माणसाला मिळतं. दशावतार किंवा गाऱ्हाणं ही परंपरा गावाची म्हणून तिला या कायद्यात वेगळं छत्र नाही. भौगोलिक मानांकन मिळतं ते वस्तूला, काजूला, कोकमाला, लाकडी खेळण्याला. जत्रेला मिळत नाही. त्यामुळे गावाने काही राखायचं असेल तर ते कागदावर, सही करण्यापूर्वी, गावानेच राखावं लागणार.

हे अशक्य नाही. केरळात कुमरकोमला २००८ च्या सुमारास पंचायत, सरकार आणि हॉटेलवाले एकत्र बसले आणि हॉटेलांनी भाजी, अंडी, नारळ गावातल्या बायकांच्या गटांकडून घ्यायचं ठरवलं. दर समितीत ठरायचा. सुरुवातीला हॉटेलवाले कुरकुरले, मालही वेळेवर यायचा नाही, भांडणं झाली. पण घडी बसली आणि मग केरळने ते राज्यभर नेलं. आपल्याकडच्या रिसॉर्टच्या 'मालवणी थाळी'तला मसाला कुठून येतो ते आपल्या बचतगटांनी एकदा मागच्या दाराने जाऊन बघून यावं. मी बघून आलोय. खोक्यावरचा पत्ता नवी मुंबईचा आहे.

बैठकीत शेवटी जे ठरलं ते असं. दादा जाणार. पण गाऱ्हाणं घालायला नाही. पाहुण्यांचं स्वागत तो मालवणीत करेल, गावाची, समुद्राची, मिठागरांची गोष्ट सांगेल, त्याच्या मनाने. ज्यांना गाऱ्हाणं खरंच ऐकायचं असेल त्यांनी सोमवारी नारळ घेऊन देवळात यावं. त्यांच्यासाठी घालू, नाव घेऊन, अडचण विचारून, फुकट. जत्रा, शिमगा आणि सप्ताहाला सुट्टी. 'अन्य कुठेही' हे शब्द कागदावरून गेले पाहिजेत. आणि संकासुर बोलणार असेल तरच मंडळ जाईल. ही शेवटची अट मंडळाच्या पोरांनी स्वतःहून घातली. पैसे कमी आले तरी चालतील म्हणाले. सगळेच नाही म्हणाले, दोघं म्हणाले की पैसे सोडायला आम्हांला परवडत नाही, आणि त्यांनाही कुणी नावं ठेवली नाहीत.

रिसॉर्टचं उत्तर अजून यायचंय. दादाला त्यांचा परवा फोन आला होता, पगार बावीस हजार करतो, पण गाऱ्हाणं पाहिजेच. दादाने विचार करून सांगतो म्हटलंय. वहिनीचं म्हणणं मी इथे लिहीत नाही, ती ही पोस्ट वाचते.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता देवळाच्या सभामंडपात पुन्हा बसतोय. आजूबाजूच्या गावांतली मंडळं, भजनी बुवा, फुगडीवाल्या बायका, ज्यांनी ज्यांनी हॉटेलांबरोबर काही सही केली असेल त्यांनी करार घेऊन या. येता येत नसेल तर फोटो काढून मला इनबॉक्सला पाठवा. एक वकील मित्र फुकट वाचून द्यायला तयार आहे. पण दोन्ही पानांचा काढा. दुसरं पान तुमच्याकडे नसेल, तर आधी ते मागून घ्या.